पान दोनशे बारा

"मॅडम, हे वाक्य कुठंच नाही."

करुणा सोनकांबळे असं म्हणाली तेव्हा मी नव्या मासिकांवर ग्रंथालयाचा शिक्का मारत बसले होते. मान वर न करता विचारलं, "कुठंच नाही म्हणजे कुठं कुठं नाही?"

"एक्केचाळीस ठिकाणी आहे. म्हणून तर म्हणायलेय, कुठंच नाही."

मी शिक्का खाली ठेवला. ही पोरगी कोड्यात बोलणाऱ्यातली नव्हती.

दोन हजार तेराचा फेब्रुवारी होता. उदगीरच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते, तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. मी तशी फटकळ बाई. मुलं मला पाठीमागं 'शांतता मॅडम' म्हणायची, हे मला माहीत होतं आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही. प्राध्यापकसुद्धा पुस्तक उशिरा आणलं की माझ्यासमोर उभं राहायला दबकायचे. करुणा तेवढी दबकायची नाही. राज्यशास्त्र विभागात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, देवर्जनहून रोज सकाळी एस.टी.नं यायची, आणि तास संपले की संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशेजारच्या संगणकावर बसायची. आई अंगणवाडीत होती. वडील नव्हते. पीएच.डी.चा विषय तिनं स्वतः निवडलेला: संविधान सभेतल्या चर्चा आणि निरक्षर नागरिक. ज्या देशात दहातल्या आठ-नऊ जणांना वाचता येत नव्हतं, तिथं सगळ्यांना मत द्यायचं ठरवताना ती माणसं काय काय बोलली, ते तिला शोधायचं होतं.

तिचे मार्गदर्शक डॉ. देवणीकर. तेच विभागप्रमुख, आणि त्या वर्षी प्रभारी प्राचार्यही तेच. त्यांच्या विभागात अकरा वर्षांनी कायमची एक जागा निघाली होती. जूनमध्ये मुलाखत. अट एकच, एकतीस मार्चच्या आत मार्गदर्शकाच्या सहीनिशी प्रबंध सादर झालेला पाहिजे. करुणा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"दाखव," मी म्हणाले.

तिनं वही पुढं सरकवली. ती वही मीच तिला घालून दिली होती. सुरुवातीला ही बाई कुठल्या तरी ब्लॉगची छापील पानं घेऊन आली होती आणि मला म्हणाली होती, "मॅडम, इंटरनेटवर सगळं मिळालं." मी त्या दिवशी तिला असं काही झापलं की वाचनकक्षातली मुलं माना वर करून बघायला लागली. इंटरनेटवर सगळं मिळतं, त्यात कचराही मिळतो, असं मी म्हणाले होते. मग मीच एक लांब वही काढली, पट्टीनं चार रकाने आखले आणि वर लिहून दिलं: कुणी लिहिलं. कुठून घेतलं. मूळ पान पाहिलं का. मी का मानते.

"हे चार भरले तरच ते साधन," मी सांगितलं होतं. "एक जरी रिकामा राहिला तरी ती ऐकीव गोष्ट. आणि तिसरा रकाना दुसऱ्याच्या डोळ्यांनी भरायचा नाही."

तेव्हापासून ती रोज ते चार रकाने भरायची. एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा लेख असला तरी तळटीपा उघडून बघायची, लिहिणारा कोण, त्यानं आधी काय लिहिलंय, चर्चेचा खंड त्यानं स्वतः बघितलाय की दुसऱ्याच्या लेखातून उचललंय. दोनदा तर तिनं मोठ्या नावाच्या माणसांच्या चुका पकडल्या आणि मला येऊन इतक्या हळू आवाजात सांगितल्या, जसं काही तिचीच चूक आहे. मला तिचा फार अभिमान वाटायचा. तोंडावर मात्र कधी म्हणाले नाही.

वहीत सत्याऐंशी नंबरला ते वाक्य होतं. उदगीरमध्येच काय, तेव्हा मराठीत भाषण करणाऱ्या निम्म्या लोकांना ते पाठ होतं. 'ज्याला हा ग्रंथ वाचता येत नाही, त्याच्या दारी हा ग्रंथ आपण होऊन चालत गेला पाहिजे.' खाली आधार: संविधान सभा, २३ नोव्हेंबर १९४९, खंड अकरा, पृष्ठ २१२, एक सदस्य. निबंधस्पर्धांत ते असायचं, स्पर्धा परीक्षेच्या गाइडात असायचं, आमच्याच महाविद्यालयाच्या जिन्यावर निळ्या रंगात रंगवलेलं होतं.

"एक्केचाळीस ठिकाणी आहे," करुणा म्हणाली. "त्यातले छत्तीस तर एकमेकांचं बघून लिहिलेले. तीन वर्तमानपत्रांतले. दोन शोधनिबंध. सगळ्यांचा आधार एकच, देवणीकर सरांचं अठ्ठ्याण्णव सालचं पुस्तक. त्याच्या आधी हे वाक्य कुणीच लिहिलेलं नाही."

"मूळ खंड?"

"संसदेच्या साइटवर आहे की. शब्द टाकून शोधलं, मग म्हणलं आपलंच इंग्रजी चुकत असेल, म्हणून तेवीस तारीख पूर्ण वाचली. मग अख्खा नोव्हेंबर वाचला. एकोणीस दिवस लागले मॅडम. पान दोनशे बारावर भलतंच काहीतरी आहे." ती जरा थांबली. "आणि हे 'एक सदस्य' काय आहे? तिथं उठून नुसता आक्षेप घेतला तरी त्या माणसाचं नाव छापलंय. मग एवढं चांगलं बोलणाऱ्याचंच नाव कसं नाही?"

"अनुवाद करताना गळालं असेल."

"कुणाच्या अनुवादात?"

मी एक मासिक पुढं ओढलं. तिनं पुढं विचारलं, "सरांनी कुठलं पुस्तक बघितलं असेल? त्यांनी ते पुस्तक म्हणे आपल्याच ग्रंथालयात बसून लिहिलं."

"पंधरा वर्षं झाली त्याला. तू सोडून दे ते वाक्य. मार्च तोंडावर आलाय. एका वाक्यासाठी कशाला अडून बसतेस?"

"सोडू देत नाहीत की सर. म्हणतात, चौथं प्रकरण त्या वाक्यानंच सुरू करा, नाहीतर सही विसरा." तिनं वही मिटली. "वापरलं तर मला खोटं वाटतंय, नाही वापरलं तर प्रबंध जात नाही. तुम्हीच सांगा काय करू."

मी म्हणाले, बघू. आणि पुन्हा शिक्के मारायला घेतले. एका मासिकावर शिक्का उलटा पडला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी देवणीकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. करुणा आधीच उभी होती. सरांनी तिला बस म्हटलेलं नव्हतं. मला मात्र, "या मॅडम, बसा," म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते. आवाज कधी चढवायचे नाहीत. फक्त आपण सांगितलेलं समोरच्यानं लिहून घ्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा असायची.

"ही म्हणायलीय की मी वाक्य बनवलं," सर म्हणाले.

"तसं म्हणाले नाही सर," करुणा म्हणाली. "मला खंडात सापडलं नाही, एवढंच म्हणाले."

"सापडलं नाही म्हणजे नाही, असं होत नसतं. तुम्ही संगणकावर बघितलं. मी पुस्तकात बघितलंय. माझ्या या डोळ्यांनी. शहाण्णव साली मी इथं रुजू झालो, तेव्हा इंटरनेट कुठं होतं? आम्ही धूळ खाऊन वाचलंय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पंधरा वर्षं मी हे वाक्य गावोगाव सांगत फिरतोय. राज्यपालांच्या समोर सांगितलंय. आणि आता माझीच विद्यार्थिनी मला विचारणार, पान दाखवा?"

"पान तर तुम्हीच विचारायला शिकवलं सर."

हे काही तिनं उर्मटपणे म्हटलं नव्हतं. पण सरांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले.

"हरनाळे मॅडम, ते बाइंड तुम्हीच मला काढून दिलं होतं. हिरव्या कापडाचं. पाठीवर 'संविधान सभा चर्चा, मराठी उतारे' असं लिहिलेलं. आठवतं का?"

"आठवतं," मी म्हणाले.

"बघा," सर करुणाला म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं खरं समाधान होतं की मला त्यांची कीव आली.

करुणा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरसुद्धा आनंदच होता, हे मला आजपर्यंत विसरता आलेलं नाही. तिला सरांना खोटं पाडायचं नव्हतंच. तिला फक्त ते पान हवं होतं.

"आहे का मॅडम ते? कुठल्या कपाटात?"

मी म्हणाले, "होतं. वाळवी लागली. दोन हजार सहाच्या निर्लेखनात गेलं."

फाटकी, कुजलेली पुस्तकं यादी करून ग्रंथालयातून कायमची काढून टाकतात, त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. एकदा त्यात गेलेलं पुस्तक पुन्हा कुणी विचारत नाही.

"पान दोनशे बारावर हेच वाक्य होतं?"

"होतं."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"पाहिलंय की. एकदा नाही, दहादा पाहिलंय."

यातल्या शेवटच्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. करुणानं उभ्याउभ्याच वही उघडली, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवली आणि काहीतरी लिहिलं. सर म्हणाले, "झालं समाधान? आता चौथं प्रकरण सोमवारपर्यंत आणा." तिनं मान हलवली आणि गेली.

मीही ग्रंथालयात आले. जेवणाची सुट्टी होती, वाचनकक्ष रिकामा होता. माझ्या टेबलामागं एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली मी कुणाकडे द्यायचे नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात जुनी दाखल रजिस्टरं, त्यांच्या मागं ते हिरवं बाइंड. वाळवी-बिळवी काही नाही. मी ते काढलं आणि पान दोनशे बारा उघडलं.

पंच्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला स्नेहसंमेलनात मुलांनी अभिरूप संविधान सभा भरवायचं ठरवलं होतं. म्हणजे मुलांनीच सदस्य व्हायचं, बाकं मांडायची आणि सभेसारखी चर्चा करायची. संहिता लिहायला कुणी प्राध्यापक तयार होईना. मी तेव्हा छत्तीस वर्षांची, लग्न मोडून माहेरी आलेली, गावात बाई काय करते यावर सगळ्यांचं लक्ष. मी म्हणाले, मी लिहिते. आठ दिवस बसून वीस पानं लिहिली. खऱ्या सदस्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत एवढी अक्कल होती, म्हणून मी नावं घातलीच नाहीत. एक सदस्य, दुसरा सदस्य, तिसरा सदस्य, असं केलं. वरती मथळा टाकला, संविधान सभा, दिनांक २३ नोव्हेंबर १९४९. आणि शेवटाकडे एका सदस्याच्या तोंडी ते वाक्य घातलं. माझी आजी निरक्षर होती. तिला आठवून लिहिलं. कार्यक्रमाच्या दिवशी ज्या मुलानं ते म्हटलं त्याला टाळ्या पडल्या, आणि मी मागच्या रांगेत बसून रडले.

मग ती सायक्लोस्टाइल केलेली पानं कपाटात पडून राहिली. पातळ पुस्तिका एकेकट्या टिकत नाहीत, म्हणून पाचसहा मिळून एका पुठ्ठ्यात बांधायच्या, ही ग्रंथालयांची जुनीच रीत. मी संविधान सभेवरच्या चार पुस्तिका, खऱ्या चर्चेचे कुठल्याशा शिबिरात टंकलेले मराठी उतारे, आणि मधे माझी ती वीस पानं, असं एकत्र बांधायला दिलं. बाइंडरनं वरचं सुटं पान काढून टाकलं. 'स्नेहसंमेलन, लेखन: इंदुमती हरनाळे' असं त्याच पानावर होतं. परत आलेल्या बाइंडवर मी नेहमीप्रमाणे नंबर मारायच्या मशीननं सलग पानं टाकली, पाठीवर एकच नाव लिहिलं आणि दाखल करून टाकलं. एक पान कमी आहे हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी देवणीकर सर आले, त्यांनी बाइंड मागितलं, मी दिलं. तारखेवरून त्यांनी खंड अकरा धरला. दोनशे बारा हा माझ्या मशीनचा आकडा.

अठ्ठ्याण्णवला त्यांचं पुस्तक आलं तेव्हा मी दाखल करताना चाळलं आणि पहिल्याच प्रकरणात माझं वाक्य दिसलं. त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. सर तेव्हा नवे होते, शुद्धिपत्र लावून मिटलं असतं. मी नाही गेले. चूक झाकायची म्हणून नाही गेले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. पण तेही खरं नाही. मला फार आनंद झाला होता. माझ्या हातून आयुष्यात एकच बरं वाक्य लिहून झालं होतं आणि ते लोक म्हणायला लागले होते. मी रोज तो जिना चढताना ते वाचायचे. ते कुणा थोर माणसाचं आहे असं वाटलं तरच लोक ते म्हणणार होते. ग्रंथपाल बाईचं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी जिन्यावर चुना फासला असता.

केबिनमधल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता करुणा माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "मॅडम, रागवू नका. दोन हजार सहाची निर्लेखनाची यादी बघू का? त्यात त्या बाइंडचा दाखल क्रमांक असेल ना. तेवढा मिळाला तरी तळटीप भक्कम होते."

यादी माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच्या फाइलीत होती. तिनं हात लांब केला असता तर पोचला असता. यादीत ते बाइंड नव्हतं. म्हणजे ते अजून इथंच आहे, हे तिला दोन मिनिटांत कळलं असतं. आणि खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, बघू दे. ती बघेल, विचारेल, मी कपाट उघडून देईन, चार दिवस गावात हसं होईल आणि सगळं संपेल. तिचा प्रबंध तर असा काही झाला असता की विद्यापीठात नाव निघालं असतं. एक खोटं वाक्य कुठं जन्मलं ते मुळापर्यंत जाऊन दाखवलेलं.

मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

ती गोरीमोरी झाली. "तसं नाही मॅडम. तुम्हीच म्हणता, तिसरा रकाना दुसऱ्याच्या डोळ्यांनी..."

"मी दुसरी आहे का? तीन वर्षं तुझ्यासोबत बसतेय मी इथं. देवणीकरांच्या तोंडावर तुझ्यासाठी मी साक्ष दिली, आणि तू माझ्याच फायली तपासायला निघालीस?"

साक्ष मी तिच्यासाठी नव्हे, तिच्याविरुद्ध दिली होती. पण बोलताना मला ते खरंच तसं वाटत होतं. माणसाला रागाच्या भरात काहीही खरं वाटतं.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली. उठली, खुर्ची जागेवर ठेवली. "मी लिहिते तुम्ही सांगितलं तसं."

एकोणतीस मार्चला तिचा प्रबंध सादर झाला. चौथं प्रकरण त्या वाक्यानं सुरू होत होतं. सरांनी सही केली आणि स्टाफरूममध्ये पेढेही वाटले.

मुलाखत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी करुणा ग्रंथालयात आली ती सगळी पुस्तकं घेऊन. एकेक माझ्यासमोर ठेवली. नंतर ना-देय प्रमाणपत्राचा कागद ठेवला. महाविद्यालय सोडणाऱ्याकडे ग्रंथालयाचं काही राहिलेलं नाही, असं ग्रंथपालानं त्यावर लिहून द्यायचं असतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सोडायलेय मी. लातूरला एका अकॅडमीत जागा आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यघटना शिकवायची."

"आणि इथलं?"

"इथलं नाही झालं." ती पुस्तकांचे कोपरे सारखे करत होती. "बाहेरून जे तज्ज्ञ आले होते ना, त्यांनी प्रबंध आणलाच होता सोबत. खुणेची चिठ्ठी चौथ्या प्रकरणावरच. म्हणाले, हे वाक्य मी दहा वर्षं शोधतोय, मला सापडलं नाही, तुम्हाला कुठं सापडलं? मी सांगितलं, मूळ प्रत नष्ट झालीय. ते हसले. म्हणाले, नष्ट झालेल्या प्रतींवर पीएच.डी. करायची असेल तर मग कुणीही करेल."

"सर काही बोलले नाहीत? ते होते ना समितीत?"

"होते. पाणी प्यायले."

"तू माझं नाव सांगायचं होतंस."

"कशाला मॅडम? तुम्हाला कुठं ओढायचं त्यात." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "मीच कच्ची. अजून शोधायला पाहिजे होतं. कुठंतरी दुसरी प्रत असेलच की त्या बाइंडची. मी शोधेन. सापडली की तुम्हाला फोन करते."

कपाट माझ्या पाठीशी होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. मी कागद ओढला आणि लिहिलं, 'यांच्याकडून ग्रंथालयास काहीही येणे नाही.' सही केली, शिक्का मारला. या वेळी सरळ पडला. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हणाले, "असू दे, असू दे," आणि पुढचं पुस्तक जमा करायला घेतलं.

सात वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. कपाट रिकामं करताना बाइंड पिशवीत घालून घरी आणलं. ग्रंथालयाचं पुस्तक मी आयुष्यात एवढं एकच चोरलं. देवणीकर सर गेले. त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी ते वाक्य म्हटलं. करुणाचा फोन सुरुवातीला दरवर्षी संविधान दिनाला यायचा. "अजून नाही सापडलं मॅडम," असं सांगायची. मी म्हणायचे, "बघ, मिळेल." मग फोन बंद झाले.

परवा सव्वीस नोव्हेंबरला इथल्या चौकात फलक लागला होता, त्यावर माझं वाक्य होतं आणि खाली कुणा पुढाऱ्याचा फोटो. घरी आल्यावर मी टॅबवर ते वाक्य टाकून बघितलं. एक्केचाळीस राहिले कुठं, मोजताच येईना. चाळत चाळत गेले तर एका ठिकाणी करुणाचा प्रबंध दिसला. विद्यापीठांचे प्रबंध आता सगळ्यांना वाचायला ठेवतात. हल्ली जे कुणी अभ्यासू म्हणवून घेतात ते त्या वाक्याला आधार म्हणून तिचाच प्रबंध दाखवतात, आणि तज्ज्ञ लोक त्यांची टिंगल करताना नाव घेतात तेही तिचंच. 'सोनकांबळे यांनी रचलेले अवतरण' असं एका लेखात सरळ लिहिलेलं होतं.

मी प्रबंध उघडला. मी तो कधी वाचलेलाच नव्हता. हिंमत झाली नव्हती. शेवटी परिशिष्ट होतं, साधनांचा तक्ता. तिनं ती वही जशीच्या तशी छापली होती, चारही रकाने, मी लिहून दिलेले मथळे टंकून. मी बोटानं खाली खाली सरकवत सत्याऐंशी नंबरपर्यंत गेले.

कुणी लिहिलं: माहीत नाही. कुठून घेतलं: डॉ. देवणीकर यांचे पुस्तक. मूळ पान पाहिलं का: नाही. मी का मानते: ग्रंथपाल इंदुमती हरनाळे मॅडम यांनी स्वतः पाहिलं आहे. त्या खोटं बोलत नाहीत.

मी ते दोनतीनदा वाचलं. पंच्याण्णव साली बाइंडरनं ते सुटं पान फेकलं, त्यानंतर माझं नाव माझ्या वाक्याशेजारी छापून आलं ते हे एकदाच. पहिल्या रकान्यात यायला हवं होतं, ते चौथ्यात आलं.